ज्ञानोबांचा मोक्षपट: कुणी न पाहिलेल्या एका खेळाचा इतिहास

नगरकर मित्रहो, जरा लांबलचक लिहितोय, पण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे. निवांत वाचा.

एक मेसेज तुम्हालाही आला असेल. सापशिडी हा खेळ इंग्रजांचा नाही, तो तेराव्या शतकात संत ज्ञानेश्वरांनी शोधला, त्याचं मूळ नाव मोक्षपट. खाली घरांची यादी असते: १२ व्या घरात श्रद्धा, ५१ व्या घरात विश्वास, साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण, १०० वं घर म्हणजे मोक्ष. सोबत आणखी एक गोष्ट सांगतात. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला जायचे तेव्हा धाकट्या सोपान-मुक्ताईचा जीव रमावा म्हणून हा खेळ तयार केला. गोष्ट गोड आहे. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण खरी आहे का?

ज्ञानेश्वरी लिहिली गेली आपल्या नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. म्हणजे हा दावा खरा ठरला तर जगभरची पोरं जो खेळ खेळतात त्याच्याशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुळतं. उद्या कुणी नेवाशाच्या फाट्यावर 'सापशिडीची जन्मभूमी' असा फलकही लावेल. म्हणून आधी तपासलेलं बरं.

आता पक्कं काय ते बघू. खेळ भारतीय आहे, यात वाद नाही. उत्तरेत त्याला ज्ञान चौपड म्हणतात. त्याचे कापडावर, कागदावर रंगवलेले जुने पट देशा-परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. वैष्णव पटात साधारण ७२ घरं, जैन पटात ८४, आणि सूफी मंडळींचा १०० घरांचा पटसुद्धा सापडतो. एकच खेळ, आणि तिन्ही पंथांनी त्यात आपापला स्वर्ग, आपापली पापं भरली! जैन घरांत पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जायचा. कवड्या टाकायच्या, दान पडेल तेवढी घरं पुढे, सापाच्या तोंडी आलात की खाली. ७२ घरांच्या पटात गंमत अशी की जिंकायचं घर शेवटचं नसतं. ६८ वं घर वैकुंठाचं. ते ओलांडून पुढे गेलात तर शेवटी तमोगुणाचा साप परत पृथ्वीवर आणून सोडतो. फार पुढे पळण्यातही शहाणपण नाही, हे पोराटोरांना खेळता खेळता कळायचं.

इंग्रजांनी हा खेळ इथूनच नेला. रिचर्ड जॉन्सन नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८० च्या सुमारास लखनौत असा पट मिळवला होता, तो आज लंडनमध्ये आहे. पुढे १८९२ च्या आसपास एफ. एच. आयर्स या लंडनच्या खेळणीवाल्याने इंग्रजी सापशिडी बाजारात आणली. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून त्याजागी घसरगुंड्या लावल्या. वैकुंठ गेलं, साप गेले, उरला फासा.

मग ज्ञानेश्वर कुठे येतात? इथे खरी अडचण आहे. आज हाती असलेले पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. नेवाशातली ज्ञानेश्वरी आणि हे पट यांच्यात चारशेपेक्षा जास्त वर्षांची पोकळी. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, फसवणाऱ्यांत मी द्यूत आहे. त्यावर माउलींनी भाष्य केलंय, म्हणजे फाशांचा खेळ त्यांना ठाऊक होता. पण द्यूत ठाऊक असणं वेगळं आणि मोक्षपट तयार करणं वेगळं.

तरी हा दावा निव्वळ हवेतला नाही. ज्येष्ठ संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मराठी मोक्षपट होते, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतले वा. ल. मंजूळ यांनी ते लोकांपुढे आणले. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने २०१९ मध्ये याच खेळावर प्रबंध लिहिला, तोही पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पटांवर. म्हणजे मराठी मुलखात मोक्षपट होता, हे नक्की. तो ज्ञानोबांच्या नावाने ओळखला जात होता, हेही खरं. पण नाव जोडलेलं असणं म्हणजे शोध लावल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे चांगली ओवी दिसली की ती ज्ञानोबांची आणि खडा अभंग दिसला की तो तुकोबांचा म्हणायची सवय जुनी आहे. त्यात लबाडी नाही, माया आहे. इतिहासाचं काम मात्र मायेवर भागत नाही.

आणि ती १०० घरांची यादी? मराठी पट म्हणून ती फिरते, पण जुन्या वैष्णव पटांची घरं तिच्याशी जुळत नाहीत. एवढं तरी फॉरवर्ड करण्याआधी बघावं.

काही जण म्हणतील, माउलींचं श्रेय काढून घेतोय. अहो, विशीही न गाठलेल्या मुलाने नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगितला, त्याला सापशिडीच्या पेटंटची काय गरज? चुकीचा मुकुट घातला की उद्या कुणीतरी तो सगळ्यांसमोर उतरवतो, आणि हसं आपलं होतं.

त्यापेक्षा एक काम करू. नेवासा, पैठणचा रस्ता, पाथर्डी, संगमनेर, श्रीगोंदा, सगळीकडे जुने वाडे पाडले जातायत. माळ्यावरच्या ट्रंका भंगारात जातायत. त्यात घरं आखलेलं, साप काढलेलं एखादं कापड असू शकतं. आजीच्या सोंगट्यांच्या पिशवीत गुंडाळलेलंही असेल. सापडलं तर धुऊ नका, लॅमिनेट करू नका, विकू नका. फोटो काढा आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा कुणा जाणकाराला दाखवा. त्यावर एखादा शक, एखादं नाव लिहिलेलं असेल, तर त्या एका ओळीची किंमत हजार मेसेजपेक्षा जास्त आहे.

ती चारशे वर्षांची पोकळी भरायची असेल तर ती अशाच एखाद्या ट्रंकेतून भरेल. तुमच्या घरी, गावात कुणी कवड्यांवर असा खेळ खेळल्याचं म्हातारी माणसं सांगतात का? घरांची नावं आठवतात का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. आठवणारी माणसं आहेत तोवर विचारून घेऊ.