शहर की उपनगर? एका निवडीचा इतिहास

कुटुंबाने शहरात राहावे की उपनगरात, हा प्रश्न आमच्या घरांतून हल्ली वारंवार चर्चिला जातो. मुंबईपुरते पाहिले तर तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि प्रारंभी तो सुखसोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यांनी केले. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पांगली. चाळींतील काळोख्या, दाट खोल्यांविषयी जी धास्ती तेव्हा मनात बसली, ती पुढे गेली नाही. वास्तविक बाहेर जाण्याची वाट आधीच खुली होती. माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ मध्ये झाला होता. १८६७ पासून विरारहून मुंबईस आगगाडी येत होती. तरी उपनगरही सुरक्षित नव्हते. वांद्र्याच्या पाखाड्यांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही त्याची साक्ष देतात.

१८९८ मध्ये सरकारने ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. परंतु ज्यांची घरे पाडली गेली ते सारेच त्या नव्या घरांत गेले नाहीत. गरिबाला ते भाडे परवडणारे नव्हते.

मध्यमवर्गाला मार्ग दाखविला तो सहकाराने. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही मान्यता मिळाली. १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली, तर १९१८ मध्ये वांद्र्यास ‘सालसेट कॅथलिक’ संस्था. वांद्रे निवडण्यामागे स्वच्छ हवा होती, तसेच देऊळ आणि शाळाही होती. सेंट स्टॅनिस्लॉस विद्यालय तेथे १८६३ पासून होते. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि कचेरी जवळ आली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याला नवागत ‘उपनगर’ म्हणत होता, ते दुसऱ्या कुणाचे तरी गाव होते. रानवार, चिंबई, शेर्ली येथील ईस्ट इंडियन कुटुंबे कितीतरी पिढ्या तेथे नांदत होती. एकाला मोकळी हवा लाभली, ती दुसऱ्याच्या भातखाचरावर.

शहरात जे राहिले, त्यांना १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने आधार दिला. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि गिरगाव-माझगावातील बिऱ्हाडे टिकली. पण त्याच खोलीत थोरला मुलगा लग्न करून आला, धाकट्याचे लग्न ठरले, की जागा कोठून आणायची? नवी खोली घ्यावी तर पागडी मोजावी लागे. मग धाकट्याने अंधेरीस जायचे, त्याच्या मुलाने बोरिवलीस, आणि नातवाने विरारला! याला निवड म्हणावे काय? पुष्कळदा ती पगाराने केलेली पाठवणी होती.

लाभ झालाच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, खिडकीतून ऊन आले. पण त्याची किंमत वडिलांनी गाडीतील गर्दीत आणि आईने एकटेपणात चुकविली. आजी-आजोबा मागे राहिले आणि सायंकाळची रोझरी सारे घर एकत्र बसून म्हणेनासे झाले.

आता हा इतिहास वसईच्या उंबरठ्यावर आला आहे. १९९० नंतर येथे इमारतींचा लोंढा आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला. २००७ मध्ये विरारपर्यंत चार रूळमार्ग झाले, २००९ मध्ये महानगरपालिका आली. वांद्र्याच्या गावकऱ्यांवर आलेली वेळ आज आमच्या केळीच्या बागांवर आणि बावखलांवर आली आहे.

म्हणून नवे घर शोधणाऱ्या कुटुंबाने केवळ चौरस फूट मोजू नयेत. घरातील माणसांचे रोजचे किती तास प्रवासात जातील, सांजवेळी मुलांपाशी कोण असेल आणि पाणी कोणाच्या विहिरीतून येईल, हेही पाहावे. आणि आम्ही जे येथलेच, त्यांनी दारी आलेल्या नवागतास शत्रू मानू नये. तोही कुठल्या तरी अपुऱ्या खोलीतूनच आलेला असतो.