सावलीतले तापमान आणि सदनिकेतले हवामानयंत्र

तापमापक म्हणजे हवेचे नव्हे, तर स्वतःचे तापमान दाखवणारे यंत्र. ऊन लागले की ते उन्हाचा आकडा सांगते, भिंतीला टेकले की भिंतीचा. त्यामुळे यंत्र ठेवायचे कुठे, हा प्रश्न हवामानशास्त्राइतकाच जुना आहे.

युरोपात तापमापक उत्तरेच्या खिडकीबाहेर टांगत. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. इथल्या उन्हाला खिडकीची सावली पुरणारी नव्हती. म्हणून भारतातल्या वेधशाळांनी बराच काळ गवताने शाकारलेले, बाजूंनी मोकळे मांडव वापरले. थॉमस स्टीव्हन्सन यांची झडपांची पांढरी लाकडी पेटी त्यानंतर रूढ झाली. यंत्रे मात्र परदेशातूनच येत. अन्ना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांनी देशी निर्मितीचा पाया घातला. हे काम त्यांच्या नावाइतके परिचित नाही, याची खंत वाटते.

 

आज छत्तीसगडमधल्या नवा रायपूरच्या उंच इमारतींत घरगुती हवामानयंत्र घेणाऱ्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो. शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्यही किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. उत्तरेची बाल्कनीसुद्धा तेव्हा सावलीची राहत नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते, त्यामुळे पहाटेचा आकडाही चढाच येतो. अशा घरासाठी थरांचे पांढरे कवच, शक्यतो आतून हवा खेळवणारा छोटा पंखा आणि भिंतीपासून दूर धरणारा दांडा असलेले यंत्रच घ्यावे.

वायुभारमापकाला ही अडचण नाही, कारण घरातला दाब बाहेरच्याइतकाच असतो. फक्त दर आठ-नऊ मीटर चढल्यावर तो सुमारे एक हेक्टोपास्कल उतरतो. म्हणून समुद्रसपाटीची दुरुस्ती भरताना जमिनीच्या उंचीत मजल्याचीही उंची मिळवावी लागते.

पाऊस आणि वारा मोकळी जागा मागतात. वारा जमिनीपासून दहा मीटरवर, उघड्यावर मोजण्याचा संकेत आहे. पर्जन्यमापकही इमारती-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा लागतो. सोसायटीने गच्चीवर जागा दिली तर गोष्ट वेगळी. एरवी बाल्कनीसाठी पर्जन्यमापक आणि वाऱ्याच्या वाट्या असलेला महागडा संच घेऊ नये. तापमान, आर्द्रता आणि दाब नीट मोजणारा साधा संच तिथे पुरेसा आहे.