बोस्नियाचं युद्ध : कारण धर्म होता का?

‘धर्म वेगळे, म्हणून युद्ध,’ असं सहज म्हटलं जातं. शाळा-कॉलेजात आपल्या मुलांनाही हे ऐकावं लागतं. बोस्नियात १९९२ ते १९९५ मध्ये झालेल्या युद्धाचा दाखला तर नेहमीचाच.

बोस्नियाक मुस्लिम, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट जवळपास एकच भाषा बोलतात. राजधानी सारायेव्होत गाझी हुसरेव बेग मशीद, दोन्ही पंथांची चर्च आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ पायी काही मिनिटांवर आहेत.

मग बिघडलं कुठे? १९८०च्या दशकात युगोस्लाव्हिया कर्जात बुडाला, महागाई भडकली. स्लोबोदान मिलोसेविचसारख्या नेत्यांनी सत्तेसाठी जुन्या जखमा उकरल्या, टीव्हीवरून शेजाऱ्याचीच भीती घातली.

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात बोस्नियन सर्ब फौजांनी ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे ठार मारले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये याला वंशसंहार ठरवलं. ते मुस्लिम होते म्हणूनच मारले गेले, हे कुणी नाकारू नये. पण कुणाला मारायचं हे धर्मावरून ठरलं. भांडण मात्र जमीन आणि सत्तेचं होतं. मुस्लिम आणि क्रोएट १९९३ मध्ये आपसात लढले, मार्च १९९४ मध्ये करार करून पुन्हा एकत्र आले. धर्म तर दोघांचे तेच होते!

वेढा पडलेल्या सारायेव्होचा बचाव करणाऱ्या सैन्याचे उपप्रमुख योवान दिव्याक जन्माने सर्ब होते. युद्धानंतरही ते तिथेच राहिले आणि २०२१ मध्ये त्याच शहरात वारले.