बार्शी लाइटची विलायती बहीण

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात हॅम्प्स आणि मॅनिफोल्ड या दोन लहान नद्यांच्या काठाने वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा सुमारे १३ किलोमीटरांचा एक रस्ता जातो. तो पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी राखलेला आहे. मधला एक लहान टप्पा सोडला तर मोटारींना तिथे मज्जाव आहे. दोन्ही अंगांना चुनखडीच्या टेकड्या, एका वळणावर थॉर्स केव्ह या गुहेचं उंचावर उघडलेलं तोंड, आणि उन्हाळ्यात आणखी एक गंमत: कोरड्या दिवसांत या नद्या चुनखडीच्या भेगांमधून जमिनीखाली शिरतात आणि थेट आयलम गावापाशी पुन्हा वर येतात. पूल असतात, खाली पाणी नसतं. एवढ्या डोंगराळ मुलखात हा रस्ता मात्र इतका सौम्य की नुकती सायकल शिकलेलं पोरही तो दम न लागता पार करील. अशा रस्त्यांची पुण्याई आपण सहसा निसर्गाच्या खात्यावर जमा करतो. पण नदीकाठची जुनी पायवाट कधी अशी एकसारखी चढत नाही. ती कडा आडवा आला की वर जाते, दलदल आली की वळसा घेते. हा चढ आखला तो वाफेच्या इंजिनाला मालाचे डबे ओढता यावेत म्हणून. आणि इंजिन गेल्यावरही रस्ता टिकला, तो जमिनीच्या मालकीचा प्रश्न वेळेवर सुटला म्हणून. वाहनांपासून मुक्त अशा सायकलमार्गांचा इतिहास सांगायचा तर तो मालवाहतुकीचा आणि जमीनमालकीचा इतिहास म्हणूनच सांगावा लागतो.

या गोष्टीची सुरुवात सोलापूर जिल्ह्यात होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन बार्शीला बाजूला टाकून गेली होती. कापसाच्या या पेठेचा माल बैलगाड्यांनी ‘बार्शी रोड’ स्टेशनावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, आणावा लागे. कॅलथ्रॉपने इथे अडीच फूट गेजची लाइन सुचवली. बरीच वर्षं सरकारदरबारी खेटे घातल्यावर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. त्याचा हिशेब साधा होता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला गेला की हलके रूळ चालतात, हलक्या रुळांना हलके पूल पुरतात, आणि रुंदी कमी असल्याने लाइन डोंगर फोडत बसण्याऐवजी त्याच्या कडेने वळत जाऊ शकते. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकऱ्यांनी आणि कापूसवाल्यांनी तिला कधी उपाशी ठेवलं नाही.

बार्शीचा हा प्रयोग यशस्वी झाल्यावर कॅलथ्रॉपने तोच नमुना मायदेशी नेला. छोट्या रेल्वेमार्गांवरची बंधनं सैल करणारा कायदा तिथे १८९६ साली झाला होता, त्यामुळे वाट मोकळी होती. जून १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे सुरू झाली. गेज तेच, अडीच फूट. इंजिनं लीड्सच्या त्याच किट्सन कारखान्याची, ज्याने बार्शीची इंजिनं घडवली होती. त्यांच्या कपाळावर उष्ण देशांतल्या इंजिनांसारखे भलेमोठे दिवे होते, डब्यांना टोकाशी उघडे सज्जे होते आणि रंग चक्क फिकट पिवळा होता. धुक्यातल्या त्या दरीत ही गाडी अगदीच परदेशी दिसत असणार. वसाहतीत शिकलेली विद्या मायदेशी परत आल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण विरळाच, आणि तरी बार्शीच्या वाचकाला ते सहसा कोणी सांगत नाही. पण बार्शीकडे होतं ते मॅनिफोल्डकडे नव्हतं. याच दरीतली एक्टनची तांब्याची खाण अठराव्या शतकात ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याला मालामाल करून गेली होती, ती लाइन येण्याआधीच बंद पडली. मोठ्या लाइनीचा जोड तयार नसल्याने पहिलं वर्षभर प्रवाशांना वॉटरहाउसेसपर्यंत बसने यावं लागलं. ही गाडी कुठूनच निघत नाही आणि पोचतेही तिथेच, अशी थट्टा बांधकामाच्या वेळीच होत असे. उरलं ते दूध. त्याच्यासाठी कॅलथ्रॉपची एक नामी युक्ती कामी आली: छोट्या लाइनीवर चालणारे, रूळ बसवलेले सखल डबे, ज्यांच्यावर मोठ्या लाइनीचा अख्खा डबा चढवून दरीत आणता येई. त्यामुळे दुधाचे कॅन मध्येच उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा खटाटोप वाचला. मग दूध मोटार टँकरने जाऊ लागलं, १९३२ मध्ये एक्टनची डेअरी बंद झाली आणि मार्च १९३४ मध्ये लाइनही. पुरती तीस वर्षंसुद्धा ती जगली नाही.

सायकलवाल्याला लाभणारा सौम्य चढ इंजिनाच्या ताकदीने ठरतो, याचा पुरावा शेजारच्या डर्बीशायरमध्ये आहे. १८३० आणि १८३१ मध्ये दोन टप्प्यांत उघडलेली क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे ही खरं तर कालवा म्हणून योजलेली होती. चुनखडीच्या पठारावर कालव्याला पाणी कुठून आणणार, म्हणून जोसायस जेसपने रेल्वे आखली, पण ती कालव्याच्याच डोक्याने: लांबच लांब सपाट टप्पे, आणि कालव्यात जिथे पायरीसारखी दारं असतात तिथे एकदम तीव्र उतार. सपाटीवर घोडे गाड्या ओढत, उतारावर वर पक्कं बसवलेलं वाफेचं इंजिन त्या खेचून घेई. स्टेशनांना तिथे धक्का म्हणत, जशी काही बोटच लागणार आहे. मिडलटनचा उतार पावणेनऊ फुटांना एक फूट चढतो. माथ्यावरचं १८२९ सालचं इंजिन आजही जपलेलं आहे. आता याच लाइनीच्या २७ किलोमीटरांवर हाय पीक ट्रेल आहे. पठारावर बारीक खडीच्या वाटेने तासन्‌तास निवांत पायडल मारावं, आणि मिडलटनला खालून वर येताना मुकाट सायकलवरून उतरावं. डोंगर तोच, नदीखोरी तीच. इंजिन असो वा घोडा, ओढणारा जिथे स्वतः गाडीबरोबर चालायचा तिथे वाट सोपी, इंजिन जिथे जागेवर बसून ओढायचं तिथे अवघड.

पण सोपा चढ असून भागत नाही; पट्टा अखंड राहावा लागतो. बंद पडलेली लाइन म्हणजे मैलोगणती लांब आणि काही फूट रुंद अशी विचित्र जमीन. तिचा एक तुकडा शेतकऱ्याने कुंपणात घेतला, दुसऱ्यावर घर उठलं, पूल भंगारात गेला, की उरलेल्या दहा मैलांची किंमत शून्य. मॅनिफोल्डच्या बाबतीत एलएमएस या रेल्वे कंपनीने सगळा मार्ग सलगपणे स्टॅफर्डशायरच्या कौंटी कौन्सिलला देऊन टाकला आणि जुलै १९३७ मध्ये तो रस्ता म्हणून खुला झाला. काळ लक्षात घ्यायला हवा. एप्रिल १९३२ मध्ये त्याच डोंगराळ मुलखात, किंडर स्काउटवर, शिकारीसाठी राखलेल्या खासगी माळरानात शेकडो लोक घुसले होते आणि त्यापायी काही जण तुरुंगात गेले. ज्या देशात डोंगरावर चालण्यासाठी तुरुंग सोसावा लागत होता, तिथे दरीतली एक अख्खी वाट सहीसरशी लोकांची झाली. ब्रिटिश रेल्वेवरच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५००० मैलांचे मार्ग बंद करायला सुचवले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ही अक्कल कोणी वापरली नाही. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाच्या नियोजन मंडळाने मात्र ॲशबोर्नची लाइन १९६८ मध्ये विकत घेतली आणि १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल उघडला. वाय नदीच्या खोऱ्यातली मॉन्सलची लाइन १९६८ मध्ये बंद झाली, १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यानाकडे आली, तरी तिचे बोगदे २०११ पर्यंत बंदच होते. बोगदा बंद म्हणजे नदीखोऱ्यातून सरळ जाणारी वाट ऐन मध्यावर तुटलेली.

अशा वाटांच्या कौतुकावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला इंग्रज लेखक रस्किनचा. मॉन्सलच्या दरीत लाइन आल्यावर जॉन रस्किन कडाडला होता: दरी उद्ध्वस्त केली, आणि मिळवलं काय, तर बक्स्टनचे मूर्ख बेकवेलला आणि बेकवेलचे मूर्ख बक्स्टनला अर्ध्या तासात पोचू लागले. मग त्याच लाइनीच्या अवशेषांवर आज आपण निसर्गप्रेमाचे उसासे टाकायचे? रस्किनचा संताप खोटा नव्हता. पण त्याच लाइनीचा मॉन्सल हेडचा पूल १९७० मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला आणि आता लोक खास तो पाहायला येतात, यावरून दरीवरची जखम कायमच जखम राहते असं दिसत नाही. दुसरा आक्षेप असा, की सायकली घेऊन येणारी बरीच मंडळी त्या मोटारीवर लादून आणतात, मग वाहनमुक्तीचं कौतुक कशाला? हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे पटण्याजोगं उत्तर नाही. एवढंच की हा दोष वाटेपर्यंत नेणाऱ्या बसचा आणि रेल्वेचा आहे, वाटेचा नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप तिसरा: गाडीच परत का आणू नये? मॉन्सलच्या मार्गावर रेल्वे पुन्हा धावावी म्हणणारे लोक आजही आहेत. विदर्भातल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या ‘शकुंतला’ या जुन्या नॅरोगेज गाडीबद्दल लोक ब्रॉडगेज मागतात, सायकलवाट मागत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या गावाला दवाखान्यात जायला गाडी हवी, त्याला सहलीचा रस्ता देणं म्हणजे थट्टा. पण अखंड पट्टा जपणं हे गाडीच्या विरोधात जात नाही, उलट तिच्या कामी येतं. स्कॉटलंडमधली एडिनबराच्या दक्षिणेची लाइन १९६९ मध्ये बंद झाली आणि जागा हातची गेली. २०१५ मध्ये सुमारे ३० मैल लाइन परत आणताना मध्ये उभी राहिलेली घरंही घ्यावी लागली. सायकलवाट म्हणून राखलेल्या जमिनीवर निदान कोणी बंगला बांधत नाही.

बार्शीची लाइन १९५४ मध्ये सरकारजमा झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. तिच्यावर सायकलवाट नाही, कारण ती बुडाली नाही. थोरली कमावती राहिली, धाकटीच्या वाट्याला सहलीचे लोक आले. पण रुंदीकरणात धाराशिव मार्गावर आणण्यासाठी लाइन वळवली गेली आणि नॅरोगेजचा जुना भराव काही ठिकाणी मागे राहिला. मॅनिफोल्डला लाइन बंद पडल्यापासून साडेतीन वर्षांच्या आत जे जमलं, ते इथे जमवायचं की नाही हे नंतर ठरवता येईल. त्या पट्ट्यांचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे आणि त्यातले किती तुकडे आधीच हातचे गेलेत, एवढं तरी बार्शी आणि धाराशिवच्या कोणी जाणत्याने तलाठ्याच्या दप्तरातून आताच काढून ठेवावं.