लघुदुग्धव्यवसायाचे अर्थकारण : अलिबाग तालुका

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात भातशेतीला जोडून, दोन-चार दुभत्या जनावरांवर आणि घरच्याच माणसांच्या श्रमावर चालणारा दूध-उत्पादनाचा व्यवसाय. कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे वाढे, बारमाही पाणी आणि सहकारी दूध संघ यांच्या आधाराने हा धंदा फोफावला. अलिबागेत मात्र वैरण दूर आणि गिऱ्हाईक जवळ असल्यामुळे त्याचे गणित निराळे आहे.

पाऊस 2,000 मिमीहून अधिक, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडणारा. त्यामुळे भात निघाल्यावर हिरवा चारा दुर्मिळ होतो व भिस्त पेंढ्यावर राहते. पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असल्याने त्याने पोट भरते, दूध वाढत नाही. म्हणून म्हशीला शरीरपोषणासाठी एक-दीड किलो आणि शिवाय दर दोन लिटर दुधामागे साधारण एक किलो खुराक द्यावा लागतो. सरकी पेंड व भरडा घाटावरून येत असल्याने त्यांच्या किमतीत वाहतूकही मोजावी लागते. दुधाच्या एकूण खर्चात चाऱ्या-खुराकाचा वाटा सामान्यतः 60 ते 70 टक्के असतो.

खरा तोटा भाकड काळात होतो. उदाहरणादाखल, एका वेतात (एका विण्यानंतरच्या दुभत्या काळात) 300 दिवस सरासरी 6 लिटर दूध देणारी म्हैस 480 दिवसांनी पुन्हा व्याली, तर 1,800 लिटर दूध 480 दिवसांच्या खाण्यावर वाटले जाते आणि दिवसाला पावणेचार लिटरच पडते. म्हशीचा माज बहुधा मुका, म्हणजे बाह्य लक्षणे ठळक नसलेला असतो. तो एकदा नजरेतून सुटला की 21 दिवस फुकट जातात.

संकलन केंद्रावर दर फॅट व एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ) यांवर ठरतो. 3.5 फॅट व 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला राज्य शासनाने जुलै 2023 मध्ये लिटरमागे किमान 34 रुपये दर ठरवला, तरी जानेवारी 2024 पासून 5 रुपये अनुदानाची योजना आणावी लागली. याउलट रतीब, म्हणजे घरोघर रोज दूध घालून महिनाअखेर पैसे घेण्याची पद्धत, मधल्या दलालाचा वाटा उत्पादकाकडेच ठेवते. मात्र उधारी, फेरीचा वेळ आणि उरलेल्या दुधाची जोखीमही त्याच्याच माथी येते. पर्यटकांमुळे शनिवार-रविवारी मागणी चढते, पण म्हैस काही वार पाहून दूध देत नाही. घरच्यांची मजुरी सहसा हिशेबात धरली जात नाही; त्यामुळे नफा म्हणून जे मांडले जाते, त्यातले बरेचसे मजुरीच असते.

शेणाला येथे स्वतंत्र मोल आहे. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्याच्या राबासाठी ते लागते आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही शेणखत हवे असते. कोकण कपिला ही स्थानिक गाय दूध थोडे देते, पण दमट हवेत व मोकळ्या चराईवर तगते. मात्र 2015 मध्ये अमलात आलेल्या प्राणिरक्षण कायद्यातील दुरुस्तीने गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, म्हैस तिच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणून भाकड म्हशीला बाजारात किंमत येते, भाकड गाय बहुधा गोठ्यातच सांभाळावी लागते.