अनाथ पॅकेजांची विचारपूस

ओस पडलेला वाडा दुरूनही ओळखू येतो. भिंतीत पिंपळ रुजतो, कौले सरकतात, दाराचे कुलूप गंजते. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. दहा वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आजही जशीच्या तशी दिसते. मग तिचा सांभाळ करणारा केव्हाच निघून गेला आहे, हे ओळखावे कशावरून? स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कार्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९९३ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक ह्या तरुणाने ‘डेबियन’ हा प्रकल्प जाहीर केला. पुढे जी त्याची पत्नी झाली त्या डेब्राचे नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हा शब्द बनविला. लिनक्सवर चालणारी मुक्त सॉफ्टवेअरे निवडावी, तपासावी, नीट बांधावी व कोणालाही मोकळेपणाने द्यावी, हा त्याचा हेतू. अशा एकेका बांधणीस पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेजाचा भार कोणी तरी सांभाळकर्ता आपण होऊन उचलतो. १९९६ च्या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. १९९८ मध्ये ती दीड हजारांवर गेली. २०२३ च्या आवृत्तीत त्यांची संख्या ६४ हजारांहून अधिक झाली.

एवढा पसारा, पण वेतन नाही की हजेरीपट नाही. माणसे येतात तशी जातातही. कोणाची नोकरी बदलते, कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाचा उत्साह मावळतो. जो तसे कळवितो त्याचे पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर यादीत लागते, आणि दुसरा कोणी ते दत्तक घेईपर्यंत गुणवत्तेची काळजी वाहणारा गट त्याकडे पाहतो. खरी अडचण आहे ती न सांगता गेलेल्यांची. त्यांचे नाव पॅकेजावर तसेच राहते, आणि नाव आहे म्हणून दुसरा कोणी हात लावीत नाही.

हे दुर्लक्ष ओळखण्याच्या काही खुणा अनुभवाने ठरत गेल्या. दोषांच्या तक्रारी येतात, पण उत्तर मिळत नाही. मूळ कर्त्याने नव्या आवृत्त्या काढल्या, तरी पॅकेज जुनेच राहते. दुरुस्ती होते, पण ती दर वेळी परक्याच्या हातून. ह्यांपैकी एकच खूण पुरेशी नव्हे, आणि नुसते जुनेपण तर मुळीच नव्हे. डोनाल्ड नूथ ह्यांचा ‘टेक’ हा अक्षरजुळणीचा कार्यक्रम वर्षानुवर्षे बदलत नाही. परंतु २०१४ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये त्यांनी साचलेल्या तक्रारी स्वतः तपासल्या. तेथे स्तब्धता आहे, दुर्लक्ष नाही.

खूण पटली म्हणजे लगेच ताबा घ्यावा, असेही नाही. गप्प झालेल्या माणसाने आजवर जे दिले ते फुकट दिलेले असते. म्हणून अशा सभासदांची आधी पत्राने विचारपूस करणारा एक लहानसा गट डेबियनमध्ये आहे. २०१८ साली आणखी एक रीत लेखी झाली. उपेक्षित पॅकेज सांभाळू इच्छिणाऱ्याने आपला मनोदय उघडपणे जाहीर करावा, २१ दिवस थांबावे, आणि मग काम पाठवितानाही निदान सात दिवसांची मुदत ठेवावी. मूळ सांभाळकर्त्याने मध्येच हरकत घेतली, तर सारे थांबते.

एवढा विलंब कशासाठी, असे वाटणाऱ्यांना २०२४ ची घटना आठवावी. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे साधन जगभरच्या संगणकांत आहे. त्याचा भार एकच थकलेला माणूस वाहत होता. कामाच्या संथपणाबद्दल त्याला टोचणी देणारी पत्रे येऊ लागली. त्याच सुमारास मदतीस आलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने दोन वर्षे काम करून विश्वास मिळविला, अधिकार मिळविले आणि अखेर आत एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने शोध घेतला आणि २९ मार्च रोजी कारस्थान उघडकीस आले. डेबियनच्या चाचणीसाठी असलेल्या शाखांपर्यंत ते पोहोचले होते. स्थिर आवृत्ती बचावली.

तात्पर्य, पोरके झालेले काम जितके धोक्याचे, तितकेच घाईने कोणाच्याही ओटीत घातलेले कामही धोक्याचे. डेबियनमध्ये एक छोटी आज्ञा आहे. आपल्या संगणकावरील कोणती पॅकेजे आज अनाथ आहेत, ते ती सांगते. आपण रोज वापरतो त्या वस्तूची निगा कोण राखतो, एवढा प्रश्न विचारावयाला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. मात्र विचारताना तक्रारीचा कागद पुढे करण्याआधी मदतीचा हात पुढे करावा.