२ कोटी ६० लाख वर्षांचे कोडे

१९८४ साली शिकागो विद्यापीठातील डेव्हिड रॉप आणि जॅक सेप्कोस्की यांनी समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांच्या नोंदी तपासल्या. गेल्या २५ कोटी वर्षांत सरासरी दर २ कोटी ६० लाख वर्षांनी जीवसृष्टीचा मोठा संहार झाला, असे त्यांना आढळले. एवढ्या लांब पल्ल्याचे घड्याळ पृथ्वीवर कुठले असणार? साहजिकच नजरा आकाशाकडे वळल्या.

सूर्य ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो. एका फेरीला सुमारे २३ कोटी वर्षे लागतात. मात्र ही वाट सरळसपाट नाही. धावदोरा घालणारी सुई जशी कापडाच्या वर-खाली होते, तसा तो आकाशगंगेच्या तबकडीचे मध्यप्रतल तीन-चार कोटी वर्षांनी ओलांडत असतो. मायकेल रॅम्पिनो आणि रिचर्ड स्टॉदर्स यांनी त्याच वर्षी सुचवले, की प्रतलाजवळच्या वायू-धुळीच्या अवाढव्य मेघांच्या ओढीने सूर्यमालेच्या सीमेवरील धूमकेतू ढळतात आणि त्यांतले काही पृथ्वीवर आदळतात.

कल्पना देखणी खरीच. विद्यार्थिदशेत मीही तिच्यावर भाळलो होतो! पण घोडे पेंड खाते ते वेळेपाशी. सूर्य आज मध्यप्रतलाच्या अगदी जवळ आहे. रॉप-सेप्कोस्कींच्या यादीतला शेवटचा संहार मात्र एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीचा. शिवाय डायनोसॉरांचा काळ ठरलेल्या, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आघाताच्या थरातील रुथेनियमची समस्थानिके २०२४ साली तपासली गेली. ती धूमकेतूशी नव्हे, लघुग्रहाशी जुळली.